उजवी की डावी

"बोलू नका."

"नाही, मी एवढंच सांगत होते की आमच्या शाळेत—"

"बोललात की मान हलते, मान हलली की चित्र हलतं. थोडाच वेळ."

पलंगावर आडव्या झालेल्या मुख्याध्यापिका गप्प झाल्या. जन्मभर इतरांना गप्प बसवणाऱ्या माणसाला स्वतः गप्प बसायची सवय नसते. त्यांनी तोंडाबरोबर श्वासही बंद केला.

"श्वास घ्या हो," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "त्याला बंदी नाही."

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या या अंधाऱ्या खोलीत बाई वर्षानुवर्षं लोकांच्या माना तपासत आल्या होत्या. मानेवर थंड जेल लावायचं, त्यावरून सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा आणि मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या, एक उजवीकडची आणि एक डावीकडची, पडद्यावर पाहायच्या. जबड्याच्या जरा खाली प्रत्येक धमनीला फाटा फुटतो. एक वाट चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. गाळ साचतो तो बहुतेक त्या फाट्यावरच. वाट अरुंद झाली की रक्त तिथून जोरात धावतं. तो वेग मोजायचा, त्याचा आवाज ऐकायचा. मोकळी धमनी कोणीतरी सावकाश झाडू मारत असल्यासारखी वाजते. अरुंद धमनी शिट्टी मारते. पेशंट बोलला की यातलं काहीच धड ऐकू येत नाही, म्हणून बाईंचं दिवसभर एकच वाक्य. विभागातल्या लोकांनी त्यांचं नावच 'बोलू-नका बाई' पाडलं होतं. तोंडावर मात्र सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

बाईंनी फाट्यावरचा वेग मोजला, चित्र साठवायला बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.

पडद्याच्या कोपऱ्यात 'उजवी' असं उमटलेलं होतं. आणि प्रोब मुख्याध्यापिकांच्या मानेच्या डाव्या बाजूला होता.

"काही निघालं का?" मुख्याध्यापिकांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही, नाही. छान आहे तुमचं. पडून राहा."

बाईंनी बटण दाबून 'उजवी'ची 'डावी' केली. एवढीच गोष्ट. चित्र साठवायच्या आधी दिसलं, दुरुस्त झालं, कुणाला कळलंही नाही.

यात दोष खांद्याचा होता. पेशंटच्या उजव्या अंगाला बसायचं, उजवा हात लांब करायचा, कोपर हवेत ठेवायचं आणि प्रोब मानेवर हलकाच पण पक्का धरायचा. हलका, कारण जास्त दाबलं तर धमनी चेपते. पक्का, कारण केसभर सरकला तरी ती पडद्यावरून पळते. असं दिवसभर, रोज. खांदा कधीतरी हिशेब मागणारच होता. गेल्या काही महिन्यांपासून तो इतका दुखायला लागला, की केस विंचरायला हात वर जाईना. तेव्हापासून बाई खोलीचं दार बंद झालं की स्टूल सरकवून पेशंटच्या डोक्यामागे बसत, मशीनचं तोंड आपल्याकडे वळवत आणि प्रोब डाव्या हातात घेत. विभागात हे चालत नसे. सगळ्यांनी एकाच बाजूनं, एकाच पद्धतीनं तपासायचं असा नियम होता, आणि तो नियम नव्या मुलींना बाईंनीच शिकवलेला होता.

नियमाला कारण होतं. इतक्या वर्षांत बाईंच्या हाताला एकच हिशेब ठाऊक झाला होता: जवळची ती उजवी, पलीकडची ती डावी. हात प्रोब पुढे नेई आणि दुसरा हात न विचारता 'डावी'चं बटण दाबी. डोक्यामागे बसलं की जवळचं आणि पलीकडचं असं काही उरतच नाही.

आज दिसलं. ज्या दिवशी दिसलं नसेल, त्या दिवसाचं काय?

मुख्याध्यापिका मान पुसत बाहेर गेल्या. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली नाही. त्या मशीनसमोर बसून जुनी नावं खाली-वर करत राहिल्या. बहुतेकांची काळजी नव्हती. दोन्हीकडे थोडाथोडा गाळ, गोळ्या घ्या, सिगारेट सोडा. तिथे उजवीची डावी झाली असती तरी गोळी काही बाजू पाहून काम करत नाही. पण एक माणूस होता.

नळवाले काका. आयुष्यभर लोकांच्या घरातले नळ आणि मोऱ्या दुरुस्त केलेला माणूस. खोकला झाला म्हणून डॉक्टरकडे गेला, डॉक्टरनं सहज मानेला स्टेथोस्कोप लावला आणि आत खरखर ऐकू आली. बाकी त्याला काही त्रास नव्हता. हात लुळा पडला नव्हता की जीभ अडखळली नव्हती, ज्यावरून बाजू कळली असती. बाईंनी तपासलं तेव्हा एक धमनी लख्ख आणि दुसरी जवळपास बंद. रिपोर्ट गेला: उजवी. ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. शिरेत रंग टोचून दुसरी तपासणी करतात, तीही त्याची झाली नव्हती. त्याची मूत्रपिंडं नाजूक होती, रंग सोसला नसता. म्हणजे सर्जन उजवी मान उघडणार होता तो केवळ बाईंनी दाबलेल्या एका बटणाच्या भरवशावर.

बाईंनी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. काका अखंड बोलत होते. "डॉक्टर मला म्हणतात, नळात गाळ साचतो ना तसं झालंय. मी म्हटलं, साहेब, नळातला गाळ मला शिकवू नका, मी तुम्हाला रक्त शिकवतो का?" बाई हसल्या होत्या. हसताना खांद्यातून कळ गेली होती. मग त्या उठल्या आणि स्टूल डोक्यामागे नेलं. हे आठवत होतं. पण पहिली बाजू झाल्यावर नेलं, की पहिली अर्ध्यात असताना? शिट्टी ऐकली तेव्हा प्रोब कुठल्या हातात होता?

त्यांनी साठवलेली चित्रं उघडली. उभ्या चित्रात दोन्ही धमन्या सारख्याच दिसतात. आडव्या चित्रात बाजूला श्वासनलिका दिसते, तिच्यावरून बाजू ओळखता येते. पण प्रोब उलटा धरला असेल तर तीही उलटीच दिसणार. कोपऱ्यात अक्षरं ठळक होती, 'उजवी'. त्या अक्षरांवरच तर शंका होती.

*

रिपोर्टवाले डॉक्टर आपल्या खोलीत तीन पडद्यांसमोर बिस्किट खात बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत होता. बाईंपेक्षा वयानं बराच लहान.

"बोला मॅडम."

"ते नळवाले काका आहेत ना, गुरुवारच्या ऑपरेशनचे. त्यांना एकदा परत बोलवावं म्हणते."

"का? तुमचा रिपोर्ट चोख होता. मी सही केलीय."

"बाजूची जरा शंका येतेय."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वळवली. "शंका म्हणजे? चित्रावर उजवी लिहिलंय."

"लिहिलंय ते मीच लिहिलंय."

"मग?"

"मग तेच तर."

"मॅडम, तुम्हाला आठवत नाहीये का?"

"आठवत असतं तर इथे कशाला आले असते?"

डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं. "हे बघा. मी सर्जनना फोन केला की ते विचारणार, शंका का आली? मशीन बिघडलं होतं का? पेशंट हलत होता का? काहीतरी कारण लागेल ना मला. इतकी वर्षं तुम्ही हे करताय, तुमची बाजू कधी चुकलीय?"

बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. खांदा. एवढा एकच शब्द. तो बोलला की पुढचं सगळं आपोआप होणार, हेही त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एक्स-रेवाल्या बाईंची पाठ गेली तेव्हा त्यांना फाइलींच्या खोलीत बसवलं होतं, आणि त्या अजून तिथेच बसल्या होत्या.

"सहज मनात आलं," बाई म्हणाल्या.

"सहज मनात आलं म्हणून ऑपरेशन थांबवायचं?" डॉक्टर हसले. "घरी जा, झोप काढा. तुम्हाला विश्रांती हवीय."

खरं म्हणजे हे अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच बाईंना फार राग आला.

मग त्यांनी ठरवलं, डॉक्टर नाही तर नाही, आपणच बोलवू. नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी नखं पाहत बसली होती.

"एक जुनं नाव परत घाल गं उद्याला."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मीच सांगतेय."

"बाई, चिठ्ठीशिवाय नंबर पडत नाही. आणि नंबर पडल्याशिवाय तुमचं मशीन नाव घेत नाही. तुम्हालाच माहितीय."

"मला माहितीय हे मला माहितीय!"

मुलगी दचकली. बाईंचा चढलेला आवाज तिनं आजवर ऐकलाच नव्हता. "माझ्यावर कशाला ओरडता? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. फोन नंबर दे त्यांचा."

फोन काकांनीच उचलला. मागे पाणी जोरात वाहत होतं. ऑपरेशन तोंडावर आलेला माणूस कुणाच्या तरी मोरीत बसलेला होता.

"काका, मी रुग्णालयातून बोलतेय. तुमची मान तपासली होती ती."

"बोलू-नका बाई!" काका खूश झाले. म्हणजे हे नाव पेशंटांपर्यंतही पोचलं होतं. "आता बोलू का?"

"बोला. काका, उद्या एकदा येऊन जाल का? परत एकदा पाहायचंय."

पाण्याचा आवाज बंद झाला. "का? आणखी काही निघालं?"

"नाही, काही निघालं नाही."

"मग का बोलावताय?"

"नुसती खात्री करायला."

"गाठ आहे का? बाई, गाठ असेल तर मला सरळ सांगा. माझ्या मेव्हण्यालाही असंच 'खात्री करायला' बोलावलं होतं."

"गाठ-बिठ काही नाही हो!"

"मग खात्री कसली?"

आता काय सांगायचं? 'तुमची चांगली मान कापली जाऊ नये म्हणून'? बाई गप्प राहिल्या आणि त्या गप्प राहण्यानं काकांची पूर्ण खात्री पटली.

"मी मुलीला विचारून सांगतो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले आणि फोन ठेवला.

थोड्याच वेळात काकांच्या मुलीचा फोन खिडकीवर आला. तिनं बाईंना बोलूच दिलं नाही. माझ्या बाबांना तुम्ही काय सांगितलंत? ते काम अर्धवट टाकून घरी येऊन बसलेत. डॉक्टरांनी बोलावलंय का? नाही ना? मग तुम्ही कोण बोलावणाऱ्या? गुरुवारच्या आधी आम्हाला परत फोन करू नका.

*

"झोपा जरा."

"आत्ता? संध्याकाळी?" नवरा गणिताचा निवृत्त मास्तर होता आणि कोडं सोडवत बसला होता.

"झोपा म्हणजे आडवे व्हा. इकडे डोकं करा. उशी नको."

तो निमूट आडवा झाला. बाईंनी टूथपेस्टची ट्यूब आणली, स्टूल पलंगाच्या उजव्या अंगाला ठेवलं आणि ट्यूब त्याच्या मानेला टेकवली.

"गार आहे," तो म्हणाला.

"बोलू नका. नाही, बोला. काका बोलत होते. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही! एरवी तर थांबत नाही."

"एका हौदाला दोन नळ आहेत," मास्तर बोलू लागले. "एक नळ तो दोन तासांत भरतो—"

बाई मध्येच उठल्या, स्टूल ओढत डोक्यामागे गेल्या, ट्यूब डाव्या हातात घेतली. डोळे मिटले. हात काय करतो ते पाहायचं होतं. हातानं काहीच केलं नाही. ट्यूब मानेवर टेकून राहिली आणि दुसऱ्या हाताची बोटं उशीच्या अभ्र्यावर बटण शोधत राहिली.

"ही कुठली बाजू?" त्यांनी विचारलं.

"माझी की तुझी?"

"अहो, तुमची!"

"माझी उजवी. तुझीही उजवीच. मागून पाहिलं तर सारखंच असतं. समोरून पाहिलं तरच उलटं होतं. यात कठीण काय आहे?"

"कठीण काही नाही. तेच तर कठीण आहे."

तो उठून बसला. मानेवर ट्यूबचा वळ उठला होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही काही विचारलं नाही, आणि हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

"म्हणजे चुकलं असेलच असं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"किंबहुना, बहुतेक बरोबरच असेल."

"असेल."

"आणि सांगितलंस तर खोली जाणार."

"जाणारच."

"मग बरोबर असलं तरी जाणार, चुकलेलं असलं तरी जाणार." त्यानं चष्मा काढून पुसला. "हे गणित फार वाईट आहे गं."

"मला गणित नकोय. मला सांगा, काय करू?"

मास्तर उठले, गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि बाईंच्या खांद्यावर ठेवली. बाईंना त्याचाही राग आला. माणसानं निदान एकदा 'सांगू नकोस' म्हणावं. म्हणजे त्याच्याशी भांडून तरी सांगायला जाता येतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खोलीचं कुलूप उघडत असतानाच बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, माझा उजवा खांदा गेलाय. बरेच महिने झाले. मी डोक्यामागे बसून डाव्या हातानं तपासते. काल माझी बाजू चुकली, ती वेळेत दिसली म्हणून सुधारली. काकांच्या वेळी दिसलं असेलच असं नाही. हे कारण चालेल का सर्जनना?"

डॉक्टरांनी कुलूप उघडलं. मग ते आत गेले, बसले, पुन्हा उठले.

"काल का नाही सांगितलंत?"

"काल मला विश्रांती हवी होती."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. मग चिठ्ठी लिहिली, सर्जनला फोन लावला, काकांच्या मुलीला स्वतः फोन केला. बाई आदल्या दिवशी ज्या भिंतीवर डोकं आपटत होत्या, ती डॉक्टरांच्या एका सहीनं बाजूला झाली. त्याचं बरं वाटायला हवं होतं.

काका दुपारी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, जणू निकाल ऐकायला आले होते. मुलगी बाईंकडे न पाहता दाराशी उभी राहिली. डॉक्टर बाईंच्या मागे हाताची घडी घालून थांबले. या खोलीत एवढी माणसं कधीच नसत.

बाईंनी स्टूल जुन्या जागी, पलंगाच्या उजव्या अंगाला ठेवलं.

"काका, तुमचा उजवा हात वर करा."

काकांनी हात वर केला.

"हा उजवाच ना? तुम्ही पाना कुठल्या हातानं धरता?"

"याच."

"ठीक. असाच वर ठेवा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

काका पलंगावर पडून वर्गात हजेरी देणाऱ्या पोरासारखा हात वर धरून राहिले. बाईंनी जेल लावलं, उजवा हात लांब केला. खांद्यातून कळ निघाली ती सरळ दातांत पोचली. प्रोब थरथरला. धमनी पडद्यावर आली, पळाली, पुन्हा आली. डॉक्टर पाहत होते. चित्राकडे नव्हे, खांद्याकडे.

काका आज एक शब्द बोलत नव्हते. बाईंना फार वाटलं, त्यांनी काहीतरी बोलावं. नळाबद्दल, मेव्हण्याबद्दल, काहीही.

त्यांनी प्रोब फाट्यावर नेला आणि आवाज सुरू केला.

शिट्टी. बारीक, लांब, उकळी फुटण्याआधी किटली वाजते तशी. पडद्यावर लाल-निळे ठिपके एका चिंचोळ्या फटीतून उसळत होते. वर हवेत काकांचा उजवा हात होता आणि त्याच बाजूच्या मानेवर प्रोब होता.

मग बाई पलीकडे गेल्या. डावीकडे झाडूचा सावकाश आवाज. लख्ख.

"उजवीच आहे," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्टमध्ये आहे तसंच."

"हो," बाई म्हणाल्या.

"हात खाली घेऊ का?" काकांनी विचारलं.

"घ्या."

काका उठून बसले. जेल पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "म्हणजे नवीन काही नाही?"

"नाही."

"जुनं होतं तेच बरोबर होतं?"

"हो."

"मग कालपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही, तो कशापायी?"

"चुकलं माझं, काका."

"अहो, चुकलं नाही म्हणताय ना? बरोबर होतं म्हणताय. मग चुकलं काय?" त्यांचा आवाज चढला, पण त्यात रागापेक्षा गोंधळ जास्त होता. "माझा धंदा असा केला असता ना मी, लोकांनी मला दारात उभं केलं नसतं."

"चला बाबा," मुलगी म्हणाली. दारात ती क्षणभर थांबली. मग तिनं वडिलांच्या कॉलरला लागलेलं जेल रुमालानं पुसलं आणि त्यांना घेऊन गेली.

डॉक्टरांनी दिवा लावला. उजेडात खोली लहान दिसायला लागली.

बाईंना वाटून गेलं, चूक निघाली असती तर? निदान एका माणसाची मान वाचवली असं झालं असतं. मग आपण कुणासाठी काय मागत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी घाईघाईनं प्रोब पुसायला घेतला.

"मला हे वर कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"कळवा."

"आधीच्याही काही पेशंटांना परत पाहावं लागेल. सगळे नाही. आणि तोपर्यंत तुम्ही या खोलीत—"

"बसायचं नाही."

"तोपर्यंत."

"हो, तोपर्यंत."

डॉक्टर जाता जाता थांबले. "खांद्याचं आधीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, मॅडम."

"तर काय केलं असतंत?"

त्यांनी खरोखर विचार केला. "हेच," ते म्हणाले. हे निदान खोटं तरी नव्हतं.

*

गुरुवारी बाईंना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. काम अवघड नव्हतं. चिठ्ठी घ्यायची, नंबर टाकायचा, बाकावर बसा म्हणायचं. लोक खिडकीपाशी येऊन आपापली दुखणी सांगत, पार पहिल्यापासून सांगत, आणि इथे कुणाला बोलू नका म्हणायचं कारण नव्हतं. शेजारची मुलगी पूर्वीपेक्षा जरा आदरानं वागत होती, आणि ते सगळ्यात जड जात होतं. खालच्या खोलीत नवी मुलगी गेली होती. बाईंनीच शिकवलेली, पेशंटच्या उजव्या अंगाला बसणारी.

सकाळ बरीच वर आल्यावर मोठ्या दारातून ढकलगाडी आली. काकांची. अंगावर हिरवा झगा, पाय पुढे, डोकं मागे. त्यांची मुलगी बाजूनं चालत होती. काकांचे डोळे मिटलेले होते. बहुधा गुंगीचं औषध दिलं असावं. सर्जननं मानेवर जांभळ्या शाईनं ठळक बाण काढला होता.

बाण बाईंच्या डाव्या हाताला होता.

समोरून येणाऱ्या माणसाचं उलटं दिसतं, हे ठाऊक होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, त्यांनी स्वतः कितीतरी मुलींना शिकवलं होतं. ठाऊक असून भागत नव्हतं. गाडी लिफ्टकडे वळत होती. बाई खिडकीमागून उठून बाहेर आल्या. मुलीनं त्यांना ओळखलं. तिची पावलं मंदावली, चेहरा किंचित सैल झाला, ती काहीतरी बोलणार होती.

तेवढ्यात बाईंनी तिच्याकडे आणि गाडीकडे चक्क पाठ फिरवली.

काकांचे पाय ज्या दिशेला होते त्या दिशेला तोंड करून त्या मधल्या वाटेत ताठ उभ्या राहिल्या. लोक बाजूनं वळसा घालून जात होते. उजवा हात उचलायला गेल्या, तो छातीपर्यंतच आला. मग डावा हात गळ्यावरून पलीकडे नेऊन त्यांनी आपल्या उजव्या मानेवर, जबड्याच्या जरा खाली, दोन बोटं टेकवली. मागे वळून बाण पाहिला. पुन्हा पाठ केली. पुन्हा बोटं टेकवली.

बरोबर होतं.

लिफ्टचं दार बंद होत होतं. फटीतून मुलगी बाईंच्या पाठीकडे पाहत होती. तिची मान आता ताठ झाली होती. मग दार मिटलं. बाई तशाच उभ्या होत्या. बोटांखाली धमनी उडत होती आणि ती मोजायचं त्यांना सुचलं नाही.